घाटकोपरला, लेकीचा नायलॉन बघायला

कुडाळहून निघताना शेजारच्या तात्यांनी हटकलंच, "मुंबैक कित्याक?" (मुंबईला कशाला?) मी म्हणालो, "लेकीचो नायलॉन बघूक." माझी लेक मृणाल मुंबईत कॉलेजात शिकवते, त्या दिवशी मुलांना नायलॉन करून दाखवणार होती. पण खरं कारण वेगळं होतं. आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञानाची जागा रिकामी झाली होती. मृणाल येणार असेल तर थांबतो, असं मुख्याध्यापक म्हणाले होते. बायको गेल्यापासून घर मला खायला उठतं. लेकीनं परत यावं, एवढंच मागायला मी निघालो होतो.

सकाळी अंधेरीला हायवेवर उतरलो आणि मृणालनं बजावलं होतं तशी मेट्रो धरली. गाडी सुटली तसा मी शेजारच्या तरुणीवर आदळलो.

"काका, वरचं हँडल पकडा ना. गावाहून आलात?"

"तोंडावर लिहिलंय का?"

"नाही, पिशवीला बांगड्यांचा वास येतोय."

पिशवीत सुके बांगडे होतेच. पिशवी पायांमागे सारली आणि असल्फ्याची डोंगरउतारावरची रंगीत घरं बघत राहिलो.

घाटकोपरला मृणालनं मला थेट तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. "प्रॅक्टिकल झालं की बोलू, बाबा." मी रिटायर्ड मराठीचा मास्तर, शेवटच्या बाकावर बसलो. नायलॉनशी माझं जुनं वाकडं आहे. त्याच्या दोरानं आमच्या घरचा सुंभाचा (काथ्याच्या दोरीचा) धंदा बसवला.

तिनं काचेच्या पेल्यात एक द्रव घेतला, त्यावर दुसरा हलकेच सोडला. दोघं मिसळले नाहीत. जिथे टेकले तिथे साय धरली. चिमट्यानं ती उचलली तर खाली लगेच नवी धरली, आणि ओला पांढरा धागा वर येत राहिला. ती तो काचेच्या कांडीवर गुंडाळत होती.

"दोन प्रकारचे रेणू आहेत," ती मुलांना सांगत होती. "एकाच्या दोन्ही टोकांना अमाइन, दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना आम्ल. दोघांनाही दोन-दोन हात आहेत असं समजा. एका हातानं शेजारी धरला तरी दुसरा मोकळाच, म्हणून साखळी वाढत जाते. कारखान्यात दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हे संघनन बहुवारिकीकरण. इथे आपण आम्लाचं चपळ भावंड घेतलंय, ॲसिड क्लोराइड. म्हणून पाण्याऐवजी हायड्रोजन क्लोराइड सुटतं."

'संघनन बहुवारिकीकरण' हा जोडशब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही.

एका मुलीनं धागा घाईनं ओढला आणि तो तुटला. "वाट लागली, मॅडम."

"काही नाही गं, परत साय उचल."

"पण मॅडम, ही साखळी थांबते कशी?"

"एकच हात असलेला रेणू आला की. तो टोकाला धरून बसतो. पुढच्याला धरायला त्याच्याकडे हातच नसतो."

शिकवताना माझी पोर इतकी फुलते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि मी आलो होतो तिला धरून बसायला.

संध्याकाळी खाऊगल्लीत गेलो. मी साधा डोसा मागितला, समोर आला जिनी डोसा (चीज घालून, तुकडे करून उभा केलेला). मुकाट्यानं खायला लागलो.

"बाबा, गावच्या शाळेतल्या जागेचं शेजारच्या काकूनं सांगितलं मला," मृणाल ताटलीत बघत म्हणाली. "तेच विचारायला आलात ना? तुम्ही एकटे असता, मला कळत नाही का? तुम्ही म्हणालात तर येईन मी."

हेच ऐकायला मी इतक्या लांब आलो होतो.

"भरली ती जागा," मी म्हणालो. "चांगला मुलगा मिळाला."

ती माझ्याच ताटलीतला एक तुकडा उचलून पुढच्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलबद्दल बोलायला लागली.

कुडाळला उतरलो तेव्हा तिची इतकी आठवण आली की स्टँडवरच बसून राहिलो. आपलं माणूस जवळ हवंसं वाटतं, त्यात लाज कसली? ते वाटणं काही प्रवासानं कमी झालं नाही. पण घरी जायच्या आधी मी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि सांगितलं, "मृणालसाठी थांबू नका. जागा भरून टाका."

"का हो? नाही म्हणाली?"

"हो म्हणाली," मी म्हणालो. "म्हणूनच आजच भरा."