सोफ्यात निघालेली पिस्तुलं

गल्लीत तिला सगळे सोफाआत्या म्हणत. जुन्या सोफ्यांवर नवं कापड चढवण्यात तिची हयात गेली. तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं, आणि हात तोंडापेक्षा. नवरा सोफ्यांचे लाकडी सांगाडे दुरुस्त करायचा. बोलायचं खातं त्यानं लग्नातच तिच्याकडे सोपवलं होतं.

सोफ्याच्या पोटात काय वाट्टेल ते निघायचं. कंगवे, कानातली, एकदा तर कुणाची कवळी! आत्याचा शिरस्ता असा, की वस्तू निघाली की आधी गिऱ्हाइकाला फोन. त्या दुपारी एका म्हातारीनं पाठवलेल्या सोफ्याच्या तळातून जड गाठोडं निघालं. आत्यानं लगेच फोन लावला. उचलला म्हातारीच्या मुलानं.

"गाठोडं निघालंय तुमचं. घेऊन जा."

"सोफा तुमच्याकडे आलाय? आईनं पाठवला? उघडू नका! आलोच!"

एवढी बोंब ऐकल्यावर नवऱ्याला कुठला धीर! त्यानं गाठ सोडली. आत तीन नवीकोरी पिस्तुलं. गेल्याच आठवड्यात बाजारातलं बंदुकांचं दुकान फुटलं होतं आणि पोलीस गावभर माल शोधत होते.

"अगं, चोरालाच आवतण धाडलंस!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? मागच्या दारानं चौकीत पळा."

"ही घेऊन जाऊ?"

"आणि वाटेत कुणी बघितलं तर? तुम्हालाच आत टाकतील. पळा आधी!"

आता माल पुन्हा चोराच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता. आत्यानं गाठोडं कापसाच्या ढिगात कोंबलं आणि वर स्वतः बसली. बसते न बसते तोच म्हातारीचा मुलगा धापा टाकत हजर.

"गाठोडं?"

"देते की. आधी कापड ठरवा. आईंनी रंग सांगितलाच नाही."

घाई दाखवावी तर संशय यायचा. तो कसनुसं हसला. "कुठलंही चालेल."

"कुठलंही कसं चालेल? भिंत कसली आहे?"

"पिवळी."

"हळदीसारखी की सायीसारखी?"

"सायीसारखी असेल! हे निळं टाका."

"सायीवर निळं? डोळे आहेत का बटणं? आणि बसणार कोण, तुम्ही की आई? विचारा त्यांना."

बिचाऱ्यानं खरंच आईला फोन लावला. "आई, निळं की राखाडी?" पलीकडून म्हातारीचा आवाज दुकानभर घुमला, "मेल्या, फुलाफुलांचं सांग!"

तो फुलाफुलांचं कापड चाचपडत असतानाच, आत्याच्या नवऱ्याबरोबर मागच्या दारानं आलेल्या फौजदारानं त्याचं मनगट धरलं. फोन अजून कानालाच होता.

"बाई, पिस्तुलं कुठायत?" फौजदारानं विचारलं.

"माझ्याखाली."

"मग उठा ना."

"उठले असते हो," आत्या म्हणाली, "पण पायांत त्राणच उरलं नाही. आधी दोघं मिळून मला उचला, मग तुमचा माल घ्या."