घडी न मोडलेली पुस्तकं

हा किस्सा मी स्वतःहून सांगणार नव्हतो. पण तुम्ही चहाला बसलाच आहात, आणि उद्या बाजारात कुणीतरी तिखटमीठ लावून तो तुम्हाला ऐकवणारच. त्यापेक्षा ज्याची फजिती झाली, त्याच्याच तोंडून ऐका.

घोडेगावात माझं कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, वडिलांनी धंदा वाढवला, आणि मी शाळा अर्धवट सोडून गादीवर बसलो. जे शिकलो ते गिऱ्हाइकांकडून. उंबऱ्याशी माणूस चप्पल कशी काढतो, त्यावरून तो काय घेणार आणि काय नुसतं उलगडायला लावणार, हे मला कळतं. मला कुणी फसवू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकानात वडिलांच्या हातची पाटी आहे : ‘घडी मोडली नसेल तर माल परत घेऊ.’ तळेघरची बाई डोंगर उतरून साडी घेऊन जाते. घरी सासूला रंग पटला नाही, तर पुढच्या बाजारी आणून देते. मी वरून हात फिरवतो, कडा बघतो, पैसे परत. कुरकुर नाही.

तर आमची सून नेहा, पुण्याची. तिनं माझ्याकडे दागिना मागितला नाही, दुकानातली एक फळी मागितली. मुलांच्या पुस्तकांसाठी. तीही कुठली? नॉर्वेची, जपानची, इराणची; मराठीत आणलेली.

मी म्हटलं, “अगं, आपल्या पोरांना अजून आपल्याच तालुक्यातलं निरगुडसर धड माहीत नाही. नॉर्वे कशाला?”

“पप्पा, नॉर्वेच्या पोरांनाही निरगुडसर माहीत नाही. कुणीतरी सुरुवात करायला हवी ना?”

ठरलं : दिवाळीपर्यंत फळी तिची. पुस्तकं खपली नाहीत तर तिथं स्वेटर. ती कबूल झाली. पण पुस्तकं लावताना तिला बघायला हवं होतं तुम्ही. माहेरची भांडी मांडावीत तशी एकेक पुसून मांडत होती.

आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात पुस्तकं उचलली जायला लागली! समोरच्या शाळेतली पोरं यायची, पैसे मोजायची, न्यायची. मी खूश. दोन दिवसांनी पहिलं पुस्तक परत आलं. “शेठ, आईला रंग पसंत नाय पडला.” मी वरून हात फिरवला, कडा बघितल्या. घडी शाबूत. घेतलं परत. मग दुसरं आलं, “भावाकडं असलंच हाय.” तिसरा पोरगा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “मापात बसत न्हाई.”

पुस्तक मापात कसं बसत नाही, हे मी विचारायला नको होतं? नाही विचारलं. कापडवाल्याला ते कारण इतकं ओळखीचं वाटलं, की मी मान डोलावून मोकळा झालो.

तळेघरची रेश्मा तर दर बाजारी बापाबरोबर यायची. पुस्तक आणायची टॉवेलात गुंडाळून, अंडी आणावीत तसं. “पसंत न्हाई पडलं, शेठ.” आणि लगेच दुसरं घेऊन जायची. मला वाटायचं, पोरगी फार चोखंदळ.

नेहाची फळी काही रिकामी होईना. तिचं पुस्तकं पुसणं बंद झालं होतं. मला ते बघवेना. मी पुण्याला प्रकाशकाच्या माणसाला फोन लावला आणि चांगला झापला. म्हटलं, तुमचा एक नग गिऱ्हाइकाच्या घरी टिकत नाही. दिवाळीआधी येऊन उचला.

त्यानं विचारलं, मालात दोष काय? आता दोष सांगायचा तर माल बघायला हवा. म्हणून दुपारच्या सामसुमीत मी एक पुस्तक उघडलं. समुद्रातल्या बेटावरचा एक पोरगा, बाप टपालाची होडी चालवतो. वादळात होडी जाते ती येतच नाही, आणि तिथंच पहिला भाग संपतो. अहो, असं कुणी करतं का? मी फळीवरचा दुसरा भाग उघडला. फक्त दोष शोधायला, बरं का. गिऱ्हाईक आलं की तो गादीखाली जायचा. रेश्मानं तो मागितला तेव्हा सांगितलं, संपला.

प्रकाशकाचा माणूस आला तो नेमका बाजारच्या दिवशी. भरल्या दुकानात मी त्याला परदेशी माल इकडे का चालत नाही, यावर भाषण दिलं. तो खोक्यात पुस्तकं भरता भरता थांबला. एक उघडलं, आत हिरड्याचं पान. दुसऱ्यात भाताचं तूस. तिसऱ्यात चटणीचं बोट.

“शेठ, ही सगळी वाचलेली आहेत.”

मी म्हटलं, शक्य नाही. घडी मी स्वतः तपासलीय.

“आतून?”

साडी कुणी आतून तपासतं का, तुम्हीच सांगा.

नेहा हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पण मी चिडलो होतो. त्यात त्या माणसाला दुसरा भाग सापडेना, तर चोरीचा आळही पोरांवर घालून मोकळा झालो. तेवढ्यात रेश्मा आली. टॉवेल सोडवत पाठ केलेलं म्हणाली, “पसंत न्हाई...” आणि तिला खोकी दिसली. नेहानं सांगितलं, पुस्तकं चालली परत, आणि दुसरा भाग तर हरवलाय.

पोरीचा चेहरा पडला. “मंग त्याचा बा माघारी आला का न्हाई, ते कसं कळायचं?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “होडी दिसलीय गं लांबून. आत कोण आहे, ते अजून कळलं नाही.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

काय करणार? गादी उचलली. पुस्तक निघालं. पान कळावं म्हणून आत माझा चष्मा, कोपरे दुमडलेले, वर चहाच्या कपाचं वर्तुळ. अब्रू वाचवायला ते त्या माणसापुढं धरून म्हणालो, “हेही न्या. मला पसंत नाही पडलं.”

नेहानं पाटीकडे बोट दाखवलं. “पप्पा, घडी मोडलीय.”

रेश्माचा बाप कोपऱ्यात उभा होता, तो सगळ्यात मोठ्यानं हसला. प्रकाशकाचा माणूस एकेक पुस्तक खोक्यातून काढून पुन्हा फळीवर ठेवायला लागला. घडी यांचीही मोडलीय, मग हीही तुमचीच, म्हणाला. स्वेटर अजून माळ्यावर आहेत.

दुसरा भाग रेश्मा घेऊन गेली. पुढच्या बाजारी टॉवेलातून काढून माझ्या हातात ठेवला. “तुमचं ऱ्हायलं व्हतं ना, शेठ? बाचं मी काय सांगायची न्हाई. तुमीच वाचा.”

वाचलं. दोन रात्री घरी बसून वाचलं, आणि सकाळी नेहानं विचारलं, डोळे का लाल झालेत? म्हटलं, दुकानात नव्या कापडाची खळ उडते ना, त्यानं.

तिनं आठवण करून दिली, की काल दुकान बंद होतं.