भांगात घरी असतो

"काय गं, तुमच्या गावात सकाळीच चढवतात का?"

मालाडच्या ऑफिसात, अकरा जणांसमोर, टीम लीडने मला विचारलं. भिंतीवरच्या स्क्रीनवर माझी नोट उघडी होती. ग्राहक माझ्याच मनोरी गावचा, आमच्या कंपनीचा मासळीचा फ्रीझर घेतलेला. मी लिहिलं होतं: 'ग्राहक भांगात घरी असतो. तेव्हाच माणूस पाठवा.'

सगळे हसले. मीही हसले.

अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीला जोर नसतो. जाळ्यात काही येत नाही, होड्या किनाऱ्याला राहतात. त्या दिवसांना आम्ही कोळी भांग म्हणतो. मी हे सांगायला लागले.

"कोळणीची भाषा जेट्टीवर ठेवून यायची," तो म्हणाला. "इथे शुद्ध लिहायचं."

मी खाली बसले. नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे होते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाची नोट सगळ्या टीमची असते. कुणीही उघडतं, कुणीही बदलतं. वर नाव मात्र पहिल्यांदा लिहिणाऱ्याचं राहतं. त्याच दुपारी टीम लीडने माझं वाक्य बदललं: 'ग्राहक नशेत असतो. घरी जाऊ नये.' वर माझं नाव. मी ते वाचलं आणि नोट बंद केली.

दोन आठवड्यांनी फ्रीझर बंद पडला. मेकॅनिकने नोट वाचली, तो गेलाच नाही. मासळी सडली. तिसऱ्या दिवशी ग्राहक ऑफिसात आला. साठीचा माणूस. रिसेप्शनवरच्या मुलीने त्याला नोट वाचून दाखवली, माझ्या नावासकट.

"पोरी, तू लिवलंस? आयुष्यात थेंब नाय घेतला मी."

तेवढ्यात मला टीम लीडने केबिनमध्ये बोलावलं.

"नोट तुझ्या नावावर आहे. 'माझी चूक झाली' असा मेल टाक. विषय संपला. पुढच्या आठवड्यात तुला पक्कं करायचा कागद माझ्याकडेच सहीला येणार आहे ना?"

जागेवर आले. नोट उघडून मी लिहिलं: 'भांगात'. त्या ओळीवर एक हिरवा कर्सर आला. त्यावर टीम लीडचं नाव. माझी अक्षरं एकेक करून नाहीशी झाली. पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा पुसलं. काचेपलीकडे तो बसला होता, माझ्याकडे बघतही नव्हता. घरात कमावणारी मी एकटी.

नोटच्या कोपऱ्यात 'बदलांचा इतिहास' असं बटण असतं. कुणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे दिसतं. हे मला दोन आठवडे माहीत होतं. भीतीने हात तिकडे गेला नव्हता.

रिसेप्शनवर थांबलेल्या त्या ग्राहकाला मी माझ्या टेबलाशी बोलावलं. बटण दाबलं. मोठ्याने वाचलं: आधी माझं वाक्य, मग टीम लीडचं नाव, वेळ, त्याचं वाक्य. आता कुणी हसलं नाही.

टीम लीड केबिनमधून बाहेर आला. "बंद कर ते."

"नाही," मी म्हणाले.

जुनं वाक्य मी परत आणलं. 'भांगात' तसंच ठेवलं. अर्थ ज्याला कळत नाही, त्याने मला विचारावं.

नोकरी पक्की झाल्याचा कागद अजून आलेला नाही. केबिनचं दार वाजलं की आजही दचकते. रोज सकाळी आधी ती नोट उघडते. पुसलेली दिसली तर पुन्हा लिहीन. माझ्या नावाखाली त्याचं वाक्य राहणार नाही.