मिस्त्रीची सर्दी आणि सोन्याची भट्टी

काडी ओढली की नाकात गंधक शिरतो आणि साजगावच्या कारखान्यातली भट्टी आठवते. खनिजाची भुकटी भाजून आधी गंधक उडवायचा, मग सोनं वितळवायचं. वास मेला की भाजणं झालं, हे आमचा मिस्त्री नाकानं ठरवायचा. त्या दिवशी त्याला सर्दी. आमच्या खोकल्यानं पार लोधिवली गावातली कौलं हलली, तरी हा म्हणे, "वास नाय रं, वितळवा!" साच्यातून निघालं काळं ढेकूळ, उरलेल्या गंधकानं सोनं गिळलं होतं. कारखान्याचे शेठ म्हणाले, "आज सोनं नाही, तर उद्या भट्टी नाही." मिस्त्रीनं ढेकूळ कुटून पुन्हा भाजलं आणि शेठनाच भट्टीवर वाकवलं. "हुंगा शेठ, तुमचं नाक मोठं हाय!" शेठ खोकायचे थांबले, तेव्हाच वितळवलं. मसुराएवढं सोनं निघालं, भट्टी वाचली. हल्ली मी ते सुपारीएवढं सांगतो. मिस्त्री सोबत असला तर तो नारळाएवढं करतो.