धाकटा कशानं गेला

'गूढ' हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की अजूनही माझं डोकं तडकतं. त्याला कारण माझा धाकटा भाऊ.

कोडोलीला आमची शेती. दादा आणि धाकटा ती बघायचे. मी लग्न होऊन कसबा बावड्याला आले आणि इथं शाळेत भूगोल शिकवते. धाकट्याचं लग्न जमत नव्हतं. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कुणी तयार नाही. तसा गडी दांडगा, कधी ताप नाही, खोकला नाही. एका सकाळी म्हशींना चारा कापायला गेला आणि बांधावर पडलेला सापडला. पस्तिशीसुद्धा उलटली नव्हती.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा दादा शवविच्छेदन टाळण्यासाठी ओळखीपाळखी काढत होता.

"चिरफाड न्हाई करू द्यायची. साप न्हाई, मार न्हाई. त्याचं आयुष्य तेवढंच हुतं."

"दादा, तो कशानं गेला हे कळायला नको?"

"कळून काय करणार हाईस? परत येणार हाय काय त्यो?"

"आणि न कळून तू काय करणार हाईस?"

तिथं व्हरांड्यात, बघ्यांच्या समोर, आम्ही दोघं ओरडून भांडलो. शेवटी दवाखान्यानं नियमावर बोट ठेवलं आणि शवविच्छेदन झालं. दादानं त्याचा राग माझ्यावर काढला. अंत्यविधीत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

रक्षाविसर्जनाला आमचे एक चुलते बोलायला उभे राहिले. भावकीत त्यांच्या शब्दाला मान. म्हणाले, "विश्वाचा पसारा केवढा! त्यात माणसाची अक्कल ती केवढी! जन्म-मरण हे गूढ आहे. त्याच्यात नाक खुपसू नये, हात जोडावेत." माणसं माना डोलवत होती. दादाही.

मला राहवलं नाही. "तात्या," मी उभी राहिले, "दोन वर्षांमागं तुमच्या छातीत दुखलं तेव्हा तुम्ही हात जोडून बसला नव्हता. हृदयात नळी घालून आत कुठं अडलंय ते बघितलं, म्हणून आज बोलताय. तेव्हा तुम्हाला कळायला हवं होतं. धाकट्याच्या वेळी मात्र गूढ?"

"पोरी, ही येळ हाय का?"

"हीच येळ हाय."

नवऱ्यानं दंडाला धरून मला बाजूला नेलं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. मला कुणाचीच लाज वाटली नाही. वर्गात मी पोरांना शिकवते की ह्या एवढ्याशा पृथ्वीवर उभं राहून माणसानं ताऱ्यांची अंतरं मोजली, सूर्य कशानं जळतो ते शोधलं. आणि माझ्या घरात, बांधावर मेलेल्या माणसाबद्दल प्रश्न विचारला की तो उद्धटपणा!

काही महिन्यांनी अहवाल आला. विष नाही, रक्तस्राव नाही, हृदयात गुठळी नाही. मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही.

तात्यांचा फोन आला. "सांगितलं नव्हतं?" त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. मी फोन कट केला. आपल्याच घरातलं पोर कशानं गेलं हे कळलं नाही, याचा माणसाला आनंद कसा होऊ शकतो?

मी अहवाल घेऊन त्याच दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टरबाईंना भेटले. त्यांच्यावरही तोंड सोडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, "मला माहीत नाही. कधीकधी हृदयाचे ठोके अचानक बिघडतात आणि माणूस जातो. ते थांबल्यावर शरीरात खूण राहत नाही. मेलेल्यात दिसत नाही, पण जिवंत नातेवाइकांत कधी सापडतं. तुम्ही स्वतः, तुमचा भाऊ, त्यांची मुलं, सगळ्यांनी तपासून घ्या."

तात्यांचं आणि बाईंचं, दोघांचं उत्तर वरवर एकच होतं. पण बाईंनी पुढं कुठं बघायचं ते सांगितलं होतं.

हे सांगायला मी दादाला फोन केला, तर "आता आम्हाला पण मारतीस काय?" म्हणून त्यानं ठेवून दिला. मग पावसाळा सरता सरता एका सकाळी तो दारात उभा. बरोबर त्याची कॉलेजात जाणारी लेक. खेळताना तिला एकदा चक्कर आली होती.

दादा, त्याची लेक आणि मी, तिघांचेही ईसीजी काढले, हृदयाची सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. "म्हणजे धोका नाहीच असं मी म्हणणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दरवर्षी दाखवत जा."

बाहेर दादा स्कूटरला किल्ली लावून तसाच उभा राहिला.

"म्हंजे न्हाईच कळणार?"

"आज तरी न्हाई."

"आज न्हाई म्हंजे काय?" तो एकदम खेकसला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "एवढी मशिनं हाईत ह्यांच्याकडं, एवढं शिकल्यात, आन् माझा भाऊ कशानं मेला ते सांगाया येत न्हाई? कवा सांगणार?"

त्याची लेक घाबरून त्याची बाही ओढत होती. मी तिला म्हटलं, "राहू दे गं. बोलू दे त्याला."