उगवता म्हणून लावलेला मावळता

बबनने आयुष्यात एकच खोटा फोटो लावला. त्याखालचं खोटं माझ्या अक्षरात होतं.

बबन आज सकाळी गेला. भिंगारचा बबन फोटोवाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लग्नाचे अल्बम त्यानेच केलेले आहेत.

चार वेळा वाचून ही पोस्ट टाकतोय. आज नाही लिहिलं, तर कधीच लिहिणार नाही.

गोष्ट त्र्याहत्तर सालची. मी वीस वर्षांचा, तो बावीसचा.

माझी शाळा सातवीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकत नसे. म्हणून बाजारातल्या दुकानांच्या पाट्या मी लिहायचो आणि बबन मला ‘मास्तर’ म्हणायचा.

त्याचे थोरले भाऊ म्हणजे अण्णा. अण्णांचं किराणा दुकान होतं. दुकानाच्या कोपऱ्यात एक पडदा लावला, तोच बबनचा स्टुडिओ.

गिऱ्हाईक नव्हतंच.

एक दिवस अण्णा म्हणाले, "बबन्या, आसा एक फोटो आन, की रस्त्यानं जानारा मानूस थांबून बघंल. न्हाई जमलं तर कॅमेरा इकायचा आन् शुगर फॅक्टरीत लागायचं."

"समुद्रातनं सूर्य उगवताना आनतो," बबन म्हणाला. "भिंगारात कुनी पाह्यलाय?"

कुणीच पाहिला नव्हता. आम्हीही नाही.

एसटीने पुणे, तिथून अलिबाग, तिथून पुढे एका लहानशा गावात. सोबत कॅमेरा, एकच रोल आणि माझ्या पिशवीत चार दिवसांच्या दशम्या.

पहाटे वाळूत कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. तोंड समुद्राकडे. बबन कॅमेऱ्यात डोळा घालून उभा. मी मागे, दर पाच मिनिटांनी विचारत होतो, "भरती आली तर रे?"

उजाडलं. समुद्र दिसायला लागला. लाटा दिसायला लागल्या.

सूर्य काही येईना.

"ढग हाय का रं मास्तर?"

"नाही."

"मंग आडलाय कुठं ह्यो?"

तेवढ्यात एक कोळीण मावशी डोक्यावर टोपली घेऊन आली. आम्हाला बघून थांबली. विचारलं, काय करताय. बबनने सांगितलं.

मावशी टोपली खाली ठेवून हसली.

"आरं पोरांनो, तो तिकडं बुडतो! उगवतो तुमचे पाठीमागं!"

आम्ही वळलो.

डोंगराच्या वर, माडांच्या मागे, सूर्य केव्हाच येऊन बसला होता. चांगला कासराभर वर. पांढराफटक. फोटो काढण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

बबन वाळूत मटकन बसला.

मला वाटलं रडेल. तो म्हणाला, "भूक लागली."

त्या मावशीने आम्हाला घरी नेलं. तांदळाची भाकरी आणि तळलेला बांगडा. काटे कसे काढायचे तेसुद्धा तिनेच दाखवलं, कारण मी प्रत्येक घास उजेडात धरून तपासत होतो आणि मग चावत बसत होतो. "ह्याला म्हातारपणी दात तरी राहतील का, एवढा चावतो!" म्हणाली.

मग दिवसभर आम्ही किनाऱ्यावर. बबन लाटांत उड्या मारत होता. आदल्या वर्षीच्या दुष्काळात हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभी राहिलेली माणसं आम्ही. एवढं पाणी, आणि पिता येत नाही, याचा त्याला मनापासून राग आला. दोनदा चव घेऊन खात्री केली त्याने.

मी गुडघ्यापर्यंत उतरलो. चपला हातात धरून.

इतक्या आनंदात बबन मला पुन्हा दिसला नाही. त्याच्या लग्नातही नाही.

संध्याकाळी सूर्य लालभडक होऊन पाण्याला टेकला. बबन धावत तिकाटण्याकडे गेला.

"मास्तर, काळ्यापांढऱ्यात उगवता काय आन् मावळता काय! कुनाला कळतंय?"

खट्.

भिंगारला येऊन त्याने मोठी कॉपी काढली. फ्रेम करून दुकानाच्या दर्शनी भागात लावली. खाली लावायला पुठ्ठ्याची पट्टी माझ्याकडे दिली.

मी लिहिलं: समुद्रावरील सूर्योदय.

सगळे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते.

लोक खरंच थांबायला लागले. बघता बघता आत येऊन फोटोही काढायला लागले. कॅमेरा विकायची गोष्ट अण्णांनी पुन्हा काढली नाही.

पण अण्णा रोज सकाळी दुकान उघडलं की देवांना उदबत्ती ओवाळायचे, आणि मग तीच उदबत्ती त्या फोटोपुढे. उगवत्या नारायणाला हात जोडायचे. डोळे मिटून.

मला ते बघवेना. दोन महिने कसेबसे काढले.

एका दुपारी बबन नगरला गेला होता. मी अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, तो मावळता आहे."

"कोन?"

"फोटोतला सूर्य."

अण्णांनी तराजू खाली ठेवला. फोटोकडे बघितलं.

"म्हंजे मी दोन म्हैने मावळत्याला ओवाळतोय व्हय रं?"

मित्राचा कॅमेरा मी स्वतःच्या तोंडाने घालवला होता.

आणि अण्णा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"फोटो मातर लई झ्याक काढलाय बेट्यानं," म्हणाले. मग गंभीर झाले. "मला कळलंय हे त्याला सांगू नगं. पुन्हा कॅमेरा धरताना हात कचरंल त्याचा. घे शपथ."

मी घेतली.

दुसऱ्या दिवशी बबनच्या देखत त्यांनी त्याच फोटोला उदबत्ती ओवाळली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

अण्णांना जाऊनही आता खूप वर्षं झाली.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात बबन माझा हात धरून म्हणाला, "मास्तर, अण्णाला फसवलं रं मी. त्येवढं एक मनात ऱ्हायलं."

माझ्या ओठांवर आलं होतं. पण शपथ आठवली. म्हटलं, घरी आला की सांगू.

तो घरी आलाच नाही.

बबन, अण्णांना माहीत होतं.

सगळं माहीत असून कॅमेरा त्यांनी तुझ्याकडेच ठेवला.

जा आता, मोकळ्या मनाने. मास्तरचा तुला नमस्कार.