न झालेल्या लढतीचा निकाल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी न विचारता पुष्कळ काही सांगत असतो. मग तुम्हाला का सांगतोय? कारण मी थकलोय. याहून बरं कारण शोधून पाहिलं, मिळालं नाही.

आमच्या भागाला एक खोड आहे. ज्या लढती झाल्या त्यांच्याबद्दल लोक दोन दिवस बोलतात. ज्या झाल्याच नाहीत त्यांच्याबद्दल जन्मभर. आणि आमच्या उमेदीच्या काळातली अशी एक लढत म्हणजे साताऱ्याचा दस्तगीर विरुद्ध आष्ट्याचा संपत.

दोघं हेवीवेट बॉक्सर. सातारा-सांगलीकडे पोरगा धिप्पाड निघाला की त्याला तालमीत धाडतात. बॉक्सिंगकडे वळतात ती बाकीची. त्यामुळे त्या वजनाचे बॉक्सर दोन्ही जिल्ह्यांत मिळून हे दोघंच. जिल्हा स्पर्धेत समोर कोणी नसे, म्हणून दोघांनाही दरवर्षी पुढे चाल मिळायची – न लढता विजयी – आणि गळ्यात सुवर्णपदक. विभागाच्या स्पर्धेत गाठ पडायची, तर एकदा एकाला कावीळ, एकदा दुसऱ्याच्या घरी मयत. मग वय उलटलं. राहिलं ते राहिलंच.

टपरीवर मात्र ती लढत तीसेक वर्षं चालू राहिली. संपतरावांचा हात लांब, एकानं म्हणायचं. दस्तगीरचा ठोसा लय जड, दुसऱ्यानं म्हणायचं. तिसरा चहा ओतत म्हणायचा, "कशाला भांडताय रं? दोघं एकदम आडवी झाली असती आन् उचलायला क्रेन मागवाय लागली असती." मग सगळे माझ्याकडे वळायचे. "मास्तर, तुमी सांगा."

मी शाळेत मराठी शिकवायचो. माझ्याकडे एक चांगलं स्टॉपवॉच होतं, म्हणून जिल्ह्यातल्या बॉक्सिंग स्पर्धांत वेळ मोजायला मला बोलवायचे. शिवाय एका स्थानिक दैनिकात रविवारचं सदर लिहायचो – निम्मं खेळांवर, निम्मं गावोगावच्या सत्कारांवर. शाल, श्रीफळ, फेटा, कार्यसम्राट, आधारवड – यांची मी पोटभर टिंगल केलेली आहे. माझे अंदाज बरे निघायचे, म्हणून लोक विचारायचे. या लढतीबद्दल मात्र मी एवढंच म्हणायचो, "सांगता येत नाही बुवा." जाणकार माणूस कसा जपून बोलतो, असं लोकांना वाटायचं.

सांगता येत होतं. ती लढत झाली होती. मी तिथे होतो.

भाद्रपदातली सकाळ. साताऱ्यातलं एक मंगल कार्यालय – त्या दिवसांत लग्नं नसतात, म्हणून मालक आम्हाला सरावाला हॉल द्यायचा. दस्तगीरचं गाद्यांचं दुकान. त्यानं चार गाद्या आणून अंथरल्या, भोवती मांडववाल्याचे दोर बांधले. संपत आष्ट्याहून मोटारसायकलवर आला. न लढता मिळालेल्या पदकांचा दोघांनाही कंटाळा आला होता. एकदा बघूया तर, एवढंच ठरलं होतं. आम्ही तिघंच. मी स्टेजवर नवरदेवाच्या खुर्चीत स्टॉपवॉच घेऊन बसलो. आयुष्यात एवढ्या भारी खुर्चीत मी त्याआधी बसलो नव्हतो.

दस्तगीर डावा हात जरा खालीच ठेवायचा. बघणाऱ्याला वाटायचं, गडी आळशी आहे. पहिली फेरी संपतचीच म्हणा. दुसऱ्या फेरीत त्यानं तो उघडा चेहरा बघून उजवा हात पूर्ण फेकला – आणि दस्तगीर नुसता मागे झुकला, आणि तो खालचा डावा हात संपतच्या कोपराखालून बरगडीत गेला. फार आवाज नाही झाला. संपत खाली बसला. डोळे उघडे, शुद्ध पूर्ण, पण अंग ऐकेना. मी दहा अंक मोजले. मोजून झाल्यावरही तो तसाच बसलेला होता.

उठल्यावर तो म्हणाला, "ह्ये कुठं बोलू नगा. पोलिसभरती तोंडावर हाय, घरात लग्नाचं बघायलेत." दस्तगीरनं ग्लोव्ह काढून त्याचा हात धरला. "न्हाई बोलणार. जबान दिली." दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तो शब्द आम्ही पाळला. दस्तगीरनं तर असा पाळला, की टपरीवर त्याच्यासमोर कोणी संपतची बाजू घेतली तरी तो हसून म्हणायचा, "आसंल बाबा." संपतनंही कधी खोटी बढाई मारली नाही, हेही सांगायला हवं. भरती काही झाली नाही. तो राजकारणात गेला, संपतचा संपतरावदादा झाला, सांगलीला बॉक्सिंगची अकादमी काढली, बाहेरून प्रशिक्षक आणले. दस्तगीर गाद्या भरत राहिला. दुकानामागच्या परसात जुन्या कापसाची बॅग टांगून त्यानं आपल्या मुलीला, निलोफरला, शिकवलं. ती वजनानं बापावर गेली होती. तिलाही जिल्ह्यात पुढे चाल मिळायची.

इथवर माझं काही चुकलेलं नाही. इथवर सांगणं सोपं आहे, म्हणून इतका वेळ लावला.

संपतरावांची एकसष्टी आली. गौरव अंक निघणार होता. समितीच्या माणसाचा फोन आला – मास्तर, बॉक्सिंगवर काहीतरी द्या. अमुक लिहा, असं कोणी म्हणालं नाही. संपतरावांनी तर नाहीच. मला धाक नव्हता, कोणाचं देणं नव्हतं. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा मात्र त्यांनी मोबाइलवर पाठवला होता, आणि त्यात 'विशेष उपस्थिती' खाली माझं नाव होतं. ज्येष्ठ साहित्यिक म्हणून. तीस वर्षं मी या दोन शब्दांना हसत आलो. त्या दिवशी मी तो मसुदा चार वेळा उघडून बघितला.

आणि मी लेख लिहिला – ती लढत झाली असती तर कोण जिंकलं असतं. फेरीनिहाय. पहिली फेरी अंदाज घेण्यात जाईल. दुसरीत संपतरावांची उंची बोलू लागेल. तिसरीत दस्तगीर खाली. कारण? कारणाशिवाय भाकिताला वजन येत नाही. म्हणून लिहिलं – दस्तगीरचा डावा हात खाली राहतो. हा मूळ शिकवणीतला दोष आहे, आणि तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यासमोर तोच त्याला भोवला असता.

ज्या हातानं तो जिंकलेला मी डोळ्यांनी पाहिला, तोच हात. दुसरा दोष सुचला नाही का? सुचला असता. पण हा खरा वाटत होता. चांगला उतरला होता तो लेख. मला आवडला.

समारंभात मी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसलो. संपतरावांनी मला शाल घालताना माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग नजर दुसरीकडे नेली. दस्तगीरलाही बोलावणं होतं. तो मागे कुठेतरी होता. मी वळून पाहिलं नाही. फेटा घट्ट बांधला की मान वळत नाही, अशी त्या वेळी स्वतःची समजूत घातली.

लेख मोबाइलवरून फिरला. चारेक दिवसांनी दुपारी निलोफर माझ्या घरी आली. चप्पल काढली, पाणीही नको म्हणाली, आणि खुर्चीच्या कडेला बसली. राज्य स्पर्धा दोन महिन्यांवर होती. अकादमीनं तिला बोलावलं होतं. जायचं की अब्बाकडेच शिकायचं, हे तिला ठरवायचं होतं.

"सर, अब्बा मला डावा हात खालीच ठेवायला लावतात," ती म्हणाली. "म्हणतात, समोरच्याला येऊ दे, मग बरगडी. मी विचारलं, ह्यानं कधी कुणाला पाडलंय का तुम्ही? तर गप्प बसतात. तुम्ही दोघांनाही बघितलंय. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे का?"

बघा, ती किती साधं विचारत होती. तिथे गौरव अंक नव्हता, समिती नव्हती, पत्रिका नव्हती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. गप्प बसण्याचंच तर वचन होतं. 'सांगता येत नाही' हे माझं जुनं वाक्य जिभेवर तयार होतं. 'बापाचं ऐक' एवढं म्हणालो असतो तरी कोणाचंही गुपित फुटलं नसतं.

मी म्हणालो, "खरं आहे. तुझे वडील माणूस म्हणून फार चांगले. पण शिकवणं वेगळं."

समोर बसलेल्या मुलीला मला सांगावं लागलं असतं की सरांनी फेट्यासाठी खोटं लिहिलं. त्यापेक्षा तिचा बाप खोटा ठरणं मला सोपं वाटलं.

ती सांगलीला गेली. राज्य स्पर्धेत दुसरी आली, आता तिथेच राहते, नाव कमावते आहे. म्हणजे तिचं काही वाईट झालं, असंही नाही. डावा हात आता गालाजवळ असतो. ईदला येते, दुकानात बसते, बापाशी प्रेमानं बोलते. बॉक्सिंगबद्दल बोलत नाही. परसातली बॅग दस्तगीरनं उसवली. आतला कापूस, म्हणे, चांगला होता.

गेल्या महिन्यात मी त्याच्या दुकानात उशी भरायला टाकायला गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं मला बसवलं, चहा सांगितला, आणि खाली बघत सुई ओवता ओवता म्हणाला, "मास्तर, एक बोलायचं राहिलं हुतं. निलू तुमच्याकडं आली हुती, ठावं हाय मला. तिनं सांगितलं समदं."

मी मांडीवरची उशी त्याच्यापुढे सरकवली.

"पोर समोर बसून इचारती म्हणल्यावर लय जड गेलं आसंल तुमाला," तो म्हणाला. "मला बी जातंय. पर तुमी जबान मोडली न्हाई. संपतची इज्जत ऱ्हायली, माझा बी शबुद ऱ्हायला. दुसरा कोण आसता तर बोलून गेला आसता."

त्यानं हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी वगैरे आणलं नाही. बऱ्याच दिवसांचं एक काम उरकल्यासारखं म्हणाला, आणि उशीचा शिवण्याचा काठ चाचपू लागला.

तेव्हा तरी सांगायचं होतं, नाही का? दुकानात आम्ही दोघंच होतो. फार तर त्यानं मला उठून जायला सांगितलं असतं.

मी म्हणालो, "शब्द म्हणजे शब्द, दस्तगीर."

तो लेख लिहिताना तो शब्द मला आठवलासुद्धा नव्हता. निलोफर समोर बसली होती, तेव्हाही नाही.